टर्कीवर औषध: गर्द, सिरप किंवा गोळ्या सोडतानाचे पहिले दिवस कसे काढायचे

घरच्यांना वाटतं, याला सोडायचंच नाही. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं. त्याला टर्की, म्हणजे नशा थांबली की अंगाला होणारा त्रास, सोसत नाही. सकाळी उठल्यापासून पाय ओढतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पोटात कळा येतात, जुलाब सुरू होतात, आणि एक पुडी ओढली की हे सगळं काही मिनिटांत थांबणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अशा माणसाला "मन घट्ट कर" सांगून काही होत नाही. या त्रासावर चांगली औषधं आहेत. ती वेळेवर आणि नीट दिली तर माणूस जेवतो, थोडा झोपतो, बोलतो. ती कुठे मिळतात, कोणती कधी घ्यायची आणि घरच्यांनी काय बघायचं, ते इथे लिहिते आहे. डोसचे आकडे डॉक्टरांची चिठ्ठी कळावी म्हणून दिले आहेत, घरी स्वतः डोस ठरवायला नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बरेच जण अर्ध्यावर वाचणं सोडतील. टर्कीत माणूस क्वचित मरतो. खरा धोका टर्की संपल्यानंतरच्या आठवड्यांत असतो. त्यामुळे शेवटचा भाग चुकवू नका.

नशा नेमकी कशाची आहे?

गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉईन, अफू, कोडीनचं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलच्या गोळ्या, पेंटाझोसिन किंवा मॉर्फिनचं इंजेक्शन ही सगळी एकाच कुळातली आहेत. त्यांना ओपिऑइड म्हणतात. इथली औषधं फक्त यांच्यासाठी आहेत.

एमडी (मेफेड्रोन) या कुळात येत नाही. तो उत्तेजक पदार्थ आहे. एमडी घेणाऱ्या मुलाला बुप्रेनॉर्फिन (टर्कीवरचं मुख्य औषध, त्याबद्दल पुढे) दिलं तर फायदा शून्य आणि वर नवी सवय लागायची. गांजालाही ही औषधं लागत नाहीत.

दारू आणि झोपेच्या गोळ्या (ज्यांना पोरं बटन म्हणतात) यांचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. त्या रोज घेत असताना एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. गर्दबरोबर हेही चालू असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. ट्रामाडॉलच्या बाबतीतही जपायला हवं. मोठ्या डोसवर त्याने फिट येते, आणि सोडताना काहींना नेहमीच्या टर्कीशिवाय प्रचंड भीती वाटते, भास होतात.

ओपीडीत जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: दिवसाला किती पुड्या, बाटल्या किंवा गोळ्या, पन्नीवर ओढतो की सुईने घेतो, किती वर्षं, आणि शेवटची नशा कोणत्या तारखेला किती वाजता. शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची आहे. पहिली गोळी कधी द्यायची हे त्यावर ठरतं. लाजून एक-दोन तासांचा फरक सांगितला तरी त्याचा त्रास त्यालाच होतो.

मुंबईत कुठे जायचं

परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर ही पालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जे.जे. या सगळ्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर केसपेपर काढा आणि थेट "व्यसनमुक्तीसाठी आलोय" असं सांगा. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली ओएसटी केंद्रं, म्हणजे नशेऐवजी देखरेखीखाली औषध देणारी केंद्रं, चालतात. तिथे औषध मोफत मिळतं. जवळचं केंद्र कुठे आहे हे १०९७ वर विचारता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय टोल फ्री हेल्पलाइन आहे, आणि माणूस फार खचला असेल, जीव द्यायचं बोलत असेल तर १४४१६ वर टेली मानस.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण सरकारी रुग्णालयात यायला कचरतात. उपचारासाठी गेलात म्हणून रुग्णालय पोलिसांकडे कळवत बसत नाही. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. केस चालू असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

खाजगी केंद्रात ठेवायचं असेल तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? रात्री बीपी कोण मोजतं? टर्कीसाठी कोणती औषधं देता? "आम्ही औषध देत नाही, कोंडून ठेवतो, पाच दिवसांत सरळ होतो" असं उत्तर आलं तर तिथून निघा. साखळीने बांधून ठेवण्यावर याच कायद्याने बंदी आहे. बिनऔषधाची टर्की सोसली म्हणून कुणाचं व्यसन जास्त टिकाऊ सुटतं, असं कुठेही दिसलेलं नाही. उलट तो अनुभव घेतलेला माणूस पुढच्या वेळी उपचाराचं नाव काढलं की पळतो.

घरी राहून की भरती होऊन?

पुस्तकात लिहिलेलं असतं की घरच्यांचा आधार असेल तर घरी राहून उपचार होतात. मुंबईत प्रश्न आधाराइतकाच जागेचा असतो. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. ज्याला दिवसात आठ-दहा वेळा जुलाब होताहेत, त्याने रात्री दोन वाजता बादली घेऊन शेजाऱ्यांच्या दारांसमोरून किती वेळा जायचं? तिसऱ्या फेरीला कुणीतरी दार उघडून विचारतं, काय रे, काय झालं? दुसऱ्या रात्री तो "संडासला जाऊन येतो" म्हणून निघतो आणि जिना उतरून सरळ अड्ड्यावर जातो. यात त्याची लबाडी असेलही, पण जागेची अडचण त्याहून मोठी असते. अशा घरात पहिले पाच-सहा दिवस भरती व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे.

काहींच्या बाबतीत मत विचारायची गरजच नाही, भरतीच हवी. दारू किंवा बटन बरोबर चालू आहे, पूर्वी फिट आली आहे, हृदयाचा किंवा यकृताचा आजार आहे, आत्महत्येचे विचार येतात, किंवा घरी बघायला कुणीच नाही.

गर्भवती बाईची टर्की काढायचीच नसते. अचानक बंद केल्याने गर्भपाताचा किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. तिला बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (याच कामाचं दुसरं औषध) बाळंतपणापर्यंत आणि पुढेही चालू ठेवतात. त्यामुळे पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करून घ्या.

घरून रोज ओपीडीत यायचं ठरलं तर प्रवासाचा विचार करा. स्टेशनबाहेर जुना अड्डा असेल तर बस पकडा किंवा एक स्टेशन पुढे उतरा. बरोबर कुणीतरी हवंच, आणि ते कुणीतरी म्हणजे ओढणारा मित्र नको. पहिले काही दिवस त्याच्या हातात रोख पैसे आणि यूपीआयचा फोन देऊ नका. हे त्याला आधी सांगून, त्याच्या संमतीने करा.

टर्की कधी चढते, कधी उतरते

गर्दची टर्की शेवटच्या नशेनंतर साधारण ८ ते १२ तासांनी सुरू होते. आधी जांभया, नाक गळणं, घाम, चिडचिड. मग काटा, हाडं दुखणं, उलट्या, जुलाब, झोप पार उडणं. ३६ ते ७२ तासांत ती सर्वांत जोरात असते आणि आठवडाभरात शरीराचा त्रास बराचसा ओसरतो. झोप आणि उदासी मात्र कित्येक आठवडे रेंगाळतात. मेथाडोनची टर्की उशिरा, दीड-दोन दिवसांनी सुरू होते आणि दोन-तीन आठवडे चालते.

तिसऱ्या दिवशी घरचे घाबरतात, "औषध लागू पडत नाही" म्हणतात. तिसरा दिवस वाईटच असतो. तो येणार हे आधी माहीत असलं की घर सावरतं.

पहिली गोळी

सगळ्यात चांगलं काम करणारं औषध बुप्रेनॉर्फिन आहे. ते रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्ती केंद्रातूनच मिळतं. गोळ्या ०.४ आणि २ मिलिग्रॅमच्या असतात. पुष्कळदा त्यात नालॉक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध) मिसळलेलं असतं, म्हणजे २ मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. जिभेखाली घेतल्यावर हे नालॉक्सोन जवळपास काहीच करत नाही. गोळी विरघळवून सुईने घेतली तर मात्र ते टर्की आणतं. गोळीचा गैरवापर होऊ नये म्हणून ती सोय आहे.

हे औषध मेंदूत ज्या जागी गर्द बसतो तीच जागा धरतं. गर्दपेक्षा घट्ट धरतं, पण परिणाम अर्धवटच करतं. म्हणून टर्की थांबते आणि नशा चढत नाही, श्वास बंद पडण्याचा धोकाही पुष्कळ कमी असतो. पण याच गुणामुळे वेळ चुकली तर उलटं होतं. शरीरात गर्द भरपूर असताना गोळी घेतली तर ती गर्दला जागेवरून हुसकावते, पूर्ण परिणामाच्या जागी अर्धा उरतो, आणि तासाभरात अशी टर्की उसळते की माणूस लोळतो. मग तो आयुष्यभर सांगत फिरतो की ही गोळी मला चालत नाही. गोळीत दोष नसतो, ती लवकर दिलेली असते.

म्हणून थांबायचं. गर्द ओढणाऱ्याने किमान १२ तास, लांब परिणामाच्या गोळ्या घेणाऱ्याने २४ तास तरी, मेथाडोनवर असलेल्याने दोन दिवस किंवा जास्त. नुसतं घड्याळ बघूनही चालत नाही, अंग बघावं लागतं. आमच्याकडे सकाळी बाकावर बसलेला मुलगा जांभईवर जांभई देत असतो, मांडी हलत असते, शर्टाच्या बाहीला नाक पुसत असतो. सिस्टर त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत तळहात फिरवते. काटा हाताला लागला किंवा केस उभे असले तर तीन गुण आणि काटा अगदी ठळक असेल तर पाच. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का, नाडी किती, घाम किती, अशा ११ गोष्टींचे गुण कॉव्ज नावाच्या तक्त्यात मांडतात. ५ ते १२ म्हणजे सौम्य टर्की, १३ ते २४ मध्यम, त्यावर तीव्र. गुण साधारण ८ ते १२ च्या पुढे गेले की पहिली गोळी. तोवर तो हातापाया पडला तरी सिस्टर गोळी देत नाही. ती निर्दय आहे म्हणून नव्हे, पुढचे दोन तास तिला दिसत असतात म्हणून.

पहिला डोस बहुधा २ मिलिग्रॅमचा, कधी ४. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाण्याने ओलं करायचं. गोळी जिभेखाली ठेवायची. चघळायची नाही, गिळायची नाही, बोलायचंही नाही. पाच ते दहा मिनिटं लाळ तोंडातच राहू द्यायची. गिळलेलं औषध बरंचसं वाया जातं. मग जीभ वर करून दाखवायची. पांढरा चुरा दिसला तर अजून थांबायचं. पूर्ण विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने करायचा, कारण या गोळ्यांनी दात किडतात हे आता स्पष्ट झालं आहे.

अर्ध्या-पाऊण तासात फरक जाणवायला लागतो. एक-दोन तासांनी पुन्हा तपासून गरज असेल तर आणखी २ मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी एकूण ८ पर्यंत. गोळीने त्रास अचानक वाढला तर पळून जाऊन गर्द ओढणं हा उपाय नाही. तिथेच थांबा, सिस्टरला सांगा. त्यावर उपचार आहे आणि तो त्रास काही तासांत उतरतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोस बसतो. बऱ्याच जणांना दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम पुरतं. टर्की काढण्यापुरतंच औषध वापरायचं असेल तर तिथून हळूहळू उतरवत साधारण दहा ते चौदा दिवसांत बंद करतात. २ वरून शून्यावर येणं सगळ्यात जड जातं. तिथे ०.४ ची गोळी कामाला येते. शेवटच्या गोळीनंतर दोन-चार दिवसांनी हलकी टर्की परत जाणवते. त्या दिवसांत घरी कुणीतरी असू द्या. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी या गोळीच्या नेहमीच्या तक्रारी आहेत.

मेथाडोन हे दुसरं औषध. पातळ असतं, समोर प्यायला देतात, केंद्रं मोजकी आहेत आणि ईसीजी बघून देतात.

बुप्रेनॉर्फिन नसेल तेव्हा, आणि त्याच्या जोडीला

क्लोनिडीन हे मुळात रक्तदाबाचं औषध. टर्कीत मेंदूतली जी यंत्रणा सैराट होते तिला ते शांत करतं. घाम, थरथर, काटा, धडधड, बेचैनी यावर चांगलं चालतं. नशेची ओढ, अंगदुखी आणि निद्रानाश यावर फारसं नाही. १०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवसातून तीन-चार वेळा अशी सुरुवात असते. प्रत्येक गोळीआधी बीपी आणि नाडी मोजायची. वरचं बीपी ९० च्या खाली किंवा नाडी ५० च्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. बीपीचं मशीन घरी नसेल तर हे औषध घरी नकोच. उठताना आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. हाडं दुखतात म्हणून कडकडीत पाण्याने अंघोळ करावीशी वाटते आणि तिने बरंही वाटतं, पण क्लोनिडीन चालू असताना मोरीत चक्कर येऊन पडलेले पाहिले आहेत. कोमट पाणी घ्या, दार आतून लावू नका. आणि ही गोळी एकदम बंद करू नका, बीपी उसळतं.

जुलाबावर लोपेरामाइड: आधी २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर एक, दिवसाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच. मूठभर खाल्ल्या तर टर्की जाईल असं काही पोरं सांगतात. त्याने हृदयाची लय बिघडून माणूस मेलेला आहे. उलट्यांवर ऑन्डान्सेट्रॉन, पोटाच्या कळांवर डायसायक्लोमिन, अंगदुखीवर जेवणानंतर आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल. सुईने नशा करणाऱ्यांत हिपॅटायटिस सी बराच आढळतो, म्हणून पॅरासिटामॉलचा डोस यकृताची तपासणी बघून ठरवतात. दुखतंय म्हणून जुन्या चिठ्ठीवरचं ट्रामाडॉल आणू नका, ते त्याच कुळातलं आहे.

ओआरएस हेही औषधच आहे. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं तर टर्की जिवावर बेतते. घोट घोट, दिवसभर. भाताची पेज, पातळ ताक, केळं एवढं पोटात राहिलं तरी पुष्कळ. लघवी सात-आठ तास झाली नाही, उलटीत पाणीही टिकत नाही, माणूस गुंगीत बडबडतो आहे, उलटी-शौचात रक्त आहे, असं काही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी.

झोपेसाठी घरचे फार आग्रह धरतात, कारण रात्रभर तो पाय झाडत असतो आणि कुणालाच झोप नसते. ट्रॅझोडोनसारखं सवय न लावणारं औषध डॉक्टर देतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे दिल्याच तर मोजून, थोडे दिवस, आणि पाकीट आईच्या किंवा बायकोच्या ताब्यात. बुप्रेनॉर्फिनबरोबर जास्तीच्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतली तर श्वास थांबू शकतो.

टर्की संपली, आता?

इथे बहुतेक घरं चुकतात. दहाव्या दिवशी मुलगा अंघोळ करून, दाढी करून बसलेला असतो, जेवतो, हसतो. घरच्यांना वाटतं झालं. पण शरीराची सहनशक्ती या दहा दिवसांत उतरलेली असते. महिन्याभराने मित्र भेटतो, तो जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो, आणि जी मात्रा पूर्वी रोज पचत होती तिनेच श्वास बंद पडतो. तुरुंगातून सुटलेल्यांचं आणि केंद्रातून बाहेर पडलेल्यांचं असं होतं. हे त्याला टर्की संपण्याआधीच तोंडावर, स्पष्ट सांगा. "परत घ्यायची परवानगी देतोय असं वाटेल" म्हणून घरचे गप्प बसतात. गप्प बसू नका.

म्हणून बहुतेकांसाठी माझा सल्ला असा की बुप्रेनॉर्फिन दहा दिवसांत बंद करण्याची घाई नको. ते महिनोन्‌महिने, गरज असेल तर वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं. त्यालाच ओएसटी म्हणतात. त्यावर असताना मृत्यूचा धोका निम्म्यापेक्षाही खाली येतो, सुया सुटतात, माणूस कामाला जातो. "एक व्यसन सोडून दुसरं लावलं" असं नातेवाईक म्हणतात. मधुमेहाच्या गोळीला असं कुणी म्हणत नाही.

काहींना कोणतंच ओपिऑइड नको असतं. त्यांच्यासाठी नाल्ट्रेक्सोन, रोज ५० मिलिग्रॅम. ते नशेची जागाच अडवून ठेवतं. शेवटच्या ओपिऑइडनंतर किमान ७ ते १० दिवस गेल्यावर, यकृताची तपासणी करून ते सुरू करतात. आधी घेतलं तर भयंकर टर्की येते, त्यामुळे कुणाच्या घरची उरलेली गोळी घेऊ नका. ते सोडून परत नशा केली तर ओव्हरडोसचा धोका वर सांगितला तसाच.

जोडीला समुपदेशन, एनएच्या (नार्कोटिक्स अनॉनिमस, नशा सोडलेल्यांचा आधारगट) सभा, कामधंदा हे सगळं हवंच. वांद्र्याचं कृपा फाउंडेशन, पुण्याचं मुक्तांगण अशा संस्थांत मुंबईची बरीच घरं वर्षानुवर्षं जात आली आहेत. तिथे जाताना चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्या आणि गोळी चालू राहील का हे आधीच विचारून घ्या.

ओव्हरडोस ओळखायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा: हाक मारून, छातीच्या हाडावर बोटांची पेरं घासूनही जाग येत नाही, श्वास अगदी संथ किंवा घरघर, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. १०८ ला फोन करा, "श्वास नाही" असं सांगा. डोकं मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदांनी एक. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, तोंडात दूध ओतणं, गार पाण्याखाली धरणं यातलं काही करू नका. नालॉक्सोनचं इंजेक्शन हाच यावर उतारा आहे. केंद्रात ते घरी ठेवायला देतात का, आणि दंडात कसं द्यायचं, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या. त्याने माणूस उठून बसला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण नालॉक्सोनचा परिणाम अर्धा ते दीड तासात उतरतो आणि शरीरात गर्द उरलेला असेल तर श्वास पुन्हा मंदावतो. तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी काही तास तिथेच बसवून ठेवा.